सावलीतला निळा

१० नोव्हेंबर
आले बाई एकदाची! टेंपोवाल्याने खोपोलीपासून साजगावापर्यंत एकही खड्डा सोडला नाही, तरी कॅनव्हासच्या सगळ्या चौकटी धड आहेत. खोली वरच्या मजल्यावर, तीन बाजूंना खिडक्या. असा उजेड डोंबिवलीत लाख रुपये मोजूनही मिळायचा नाही. खाली घरमालक आबाजी, त्यांची बायको सुंदराकाकू आणि सात वर्षांची नात अक्षदा. मुलगा-सून मोहोपाड्याला कंपनीत, दोघांच्या शिफ्टा, म्हणून पोरगी इकडे. तोंडाचा पट्टा असा की मिक्सर बरा. काकूंनी चहा देताना विचारलं, लग्न झालंय का. नाही म्हटल्यावर माझ्या कपात आणखी एक चमचा साखर घातली.

जानेवारीत प्रदर्शन आहे, माझं पहिलं. नऊ चित्रं हवीत आणि हातात भोपळा. दोन वर्षांत एक चित्र झालं नाही. बरण्यांच्या लेबलांवर कैऱ्या रंगवून रंगवून हाताचंच लोणचं झालंय. इथे जमलं नाही तर ब्रश कायमचे माळ्यावर टाकायचे, हे ठरवूनच निघालेय.

१३ नोव्हेंबर
गावात विठोबाची जत्रा. रस्ताभर सुक्या बोंबलांचा वास. अक्षदाने मला ओढत पाळण्यात बसवलं आणि वर गेल्यावर मीच जास्त किंचाळले, हे तिने घरभर सांगितलं.

परत आलो तर मागच्या दाराला अडसर म्हणून लावलेल्या डब्याची ठेच लागली. काय आहे विचारलं. आबाजी म्हणाले, बंद पडलेल्या रंगाच्या कंपनीत ते वॉचमन होते, तिथून आणलेला. चुन्यात घालून पाहिला, पण भिंतीवर बसतच नाय, सकाळी भिंत परत कोरी. हवा तर घे गं, आमाला काय करायचाय. मी झाकण उचकटलं.

निळा. मी शेकडो निळे पाहिलेत, विकत घेतलेत, वाया घालवलेत. हा तसला नव्हे. खोल, ओलसर, आतून जागा असल्यासारखा. आनंदाने अंगावर काटा आला. जेवायच्या आधीच अळशीच्या तेलात घोटून ठेवला.

१६ नोव्हेंबर
झालं! चित्र झालं! अंगणातलं जांभळाचं झाड. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात शिकवतात, सावलीत काळा घालू नका, निळा घाला, सावली जिवंत होते. इतकी वर्षं घालत आले, पण सावली अशी जिवंत कधी झाली नव्हती. गार वाटते बघूनच. मी ब्रश खाली ठेवला आणि चक्क रडले.

एका मासिकात वाचलं होतं, निळ्या खोलीत बसवलेल्या माणसांना म्हणे जास्त कल्पना सुचतात. तेव्हा खूप हसले होते. आता हसत नाही. जेवताना सुचतंय, दात घासताना सुचतंय.

१९ नोव्हेंबर
वाघ्याचं चित्र झालं, वाघ्या म्हणजे काकूंचा कुत्रा. उंबऱ्यात झोपलेला, पोटाखाली निळी सावली. दुपारी कॅनव्हासला हात लावला तर माठासारखा गार. तेल वाळत नसेल.

जांभळाची पानं करपलीत. काकू म्हणतात मुळाला कीड लागली. वाघ्या धुण्याच्या दगडाजवळच्या पाण्यात पडून धापा टाकतोय, या थंडीत. वेडं कुत्रं.

२२ नोव्हेंबर
आबाजी बसले, पायरीवर, गुडघ्यावर हात ठेवून. हलले नाहीत. मधेच एवढंच म्हणाले, नाक नीट काढ, आमच्या घराण्याचं हाय. गॅलरीच्या बाईंना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन. निमंत्रणपत्रिकेवर हेच चित्र घेणार. माझं! लेबलवालीचं!

२४ नोव्हेंबर
अक्षदा दोन दिवस मागे लागली होती. माझंपण, माझंपण. शेवटी उभी केली अंगणात, दोरीवरच्या उड्या मारताना. पाय जमिनीपासून वर आणि खाली तिची इवलीशी निळी सावली. हे माझ्या आयुष्यातलं चित्र आहे. यापेक्षा चांगलं माझ्या हातून होणार नाही आणि नाही झालं तरी चालेल.

२६ नोव्हेंबर
आबाजी तापाने फणफणलेत. काकू त्यांना रिक्षाने खोपोलीला नेऊन सलाईन लावून आल्या. डॉक्टरांना काही कळेना. ऊन लागल्यासारखं दिसतंय म्हणाले. नोव्हेंबरात ऊन?

रिक्षातून उतरवायला मी खाली गेले. भर दुपार. काकूंची सावली पायाशी. रिक्षावाल्याची. माझी. आबाजींना आम्ही दोघींनी धरलं होतं आणि त्यांच्या पायाशी नुसती फरशी. पांढरी, तापलेली.

तसंच धरून त्यांना आत नेलं.

२७ नोव्हेंबर
सकाळपासून बघतेय. वाघ्याला सावली नाही. जांभळाला नाही, एवढं मोठं झाड आणि खाली उन्हाचं मैदान. चित्रातल्या सावल्या मात्र मी रंगवल्या त्याहून गडद झाल्यात.

अक्षदा दोरीवरच्या उड्या मारत होती. तिची सावली आहे अजून, पण पातळ, ताकात पाणी घातल्यासारखी.

मी झाडाचं चित्र फाडलं. फाडायला हात उचलेना, तरी फाडलं. बाहेर कडाडलं. झाड बुंध्यापासून मोडून अंगणात पडलं, आतून कोळसा.

म्हणजे फाडायचं नाही. देवा, फाडायचं नाही.

२९ नोव्हेंबर
आबाजी गेले. काकूंनी ओल्या गोणपाटावर झोपवलं होतं. गोणपाट वाळून कडक झालं होतं.

मुलगा-सून आलेत. सगळे म्हणतात हृदय बंद पडलं. मी मान डोलावली. मी मान डोलावली!

३० नोव्हेंबर
अक्षदाला ताप. सावली गेली. मोहोपाड्याला दवाखान्यात नेलं, परत आणलं, बर्फ ठेवलाय.

तिच्या चित्रातल्या निळ्यावर काळा चढवला. वर आला. तपकिरी, पांढरा, सगळे चढवले. निळा वर येतो. टर्पेंटाइनने पुसला. चिंधी कोरी. चादर टाकून झाकलं तर खालच्या मजल्यावरून पोरीची किंकाळी आली.

काकूंना सांगितलं. सगळं. त्या म्हणाल्या, घरात माणूस गेलाय, तुझंबी डोकं फिरलंय, जरा झोप गं बाई.

मग हे कळलं. मी खिडकीला पाठ करून चित्रासमोर रडत उभी होते, माझी सावली तिच्या सावलीवर पडली होती. खालून अक्षदाचा आवाज आला. आजी, थंडी वाजते, गोधडी दे.

बाजूला झाले. पुन्हा कण्हायला लागली. पुन्हा उभी राहिले. गप्प झाली.

माझी सावली चालते त्या निळ्याला. रंगवणारा हात माझा ना.

१ डिसेंबर
उभी आहे. ऊन सरकतं तशी सरकतेय. अंधार पडला की पाठीमागे बल्ब. पोरीचा ताप उतरला. सून म्हणते गोळ्या लागू पडल्या. पडू देत.

काकू जेवण ठेवून गेल्या. चित्र काढतेय म्हटलं. डायरी हातावर धरून लिहितेय, नाहीतर डोळा लागेल.

गॅलरीच्या बाईंचा फोन. आणखी दोन माणसं मिळतील का याच निळ्यात? मी नाही म्हटलं. आणि लाज वाटते लिहायला, पण बोटं शिवशिवली. कोणाची काढू, कशी बसवू, सगळं दिसलं मला. सुचणं थांबत नाही.

२ डिसेंबर
वाघ्या मेला. त्याच्यासाठी सावली पुरली नाही.
पाय सुजलेत. अक्षदा आज पेज प्यायली. हसली म्हणे. हसू दे. मी उभी राहीन.

३ डिसेंबर
माझ्या सावलीची कड निळी झालीय.
पातळही. कालपेक्षा—
घाम येतोय. खिडक्या सगळ्या उघड्या, गार वारा, तरी—
डबा खोलीच्या मधोमध आहे. मी तिथे ठेवला नव्हता.

४ डिसेंबर
अक्षदा वर आली. आपल्या पायांनी! सावली दारापासून आतपर्यंत लांब. मला रडूच फुटलं, पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं, पण जागा सोडता येईना. म्हणाली, आजीने पिठलं केलंय, चल. मग थांबली. मावशी, तुझी कुठंय, म्हणाली.

खाली पाहिलं. फरशी. उजेड माझ्यातून आरपार. चित्रावर ऊन पडलंय, पूर्ण—

अंग भाजतंय—

तिची जातेय. टाचेपासून. बघता बघता — अक्षदा, बस खाली, इथे, माझ्या — माझी नाही — कुणाचीतरी हवी, लगेच, कुणाचीही—

पोरगी रडतेय, आजीला हाका मारतेय. नको मारू गं. नको.

जिन्यात पावलं. काकू.
सावली आधी आत आली. लांब, गार. कशी काढायची ते दिसलं मला, पदराची कड, खांद्याचा उतार — सगळं एकदम—

मी डाव्या हाताने लिहितेय. उजव्यात ब्रश आहे. कधी घेतला — निळा लागलाय त्याला —

पोरीसाठीच — नाही. खोटं. मला काढायचीय —

काकू, आत येऊ न