हात न उचलता घेतलेली गिरकी

सोमवार, २ डिसेंबर

कालचं दुरुस्त करते. काल लिहिलं होतं — ‘हर्षाली गिरकीत चुकली, राखी तिच्यावर आदळली, सगळा नाच विस्कटला.’ चूक. आज जेवताना मोबाइलवर तालमीचा व्हिडिओ पाहिला. तीनदा. पुढे मी होते. गिरकीआधी पुढचीने उजवा हात वर न्यायचा, म्हणजे मागच्यांना कळतं. माझा हात कमरेलाच! तशीच वळले. हर्षाली इशाऱ्याची वाट पाहत थांबली आणि मागून राखी तिच्यावर आली.

काल मला खरंच तसं वाटलं होतं. म्हणून पान फाडत नाही. दोन्ही राहू दे.

उद्या क्लासमध्ये सांगते.

मंगळवार, ३ डिसेंबर

सांगितलं नाही.

लॅबमधून निघायलाच साडेसहा झाले. दिवसभर रिपोर्ट टाइप केले, प्रत्येक आकडा दोनदा तपासून. क्लासला पोचले तोवर आम्हाला शिकवणाऱ्या पायलताईंनी ठरवूनही टाकलं होतं. पंधरा तारखेच्या कार्यक्रमात चौघी नाही, तिघीच — त्या, राखी आणि मी. हर्षाली बाजूला बसून गाणी लावेल. रविवारी ताई समोर बसून बघत होत्या. त्यांना हर्षाली थांबलेली दिसली, माझा हात नाही दिसला. “तिचं लक्ष नसतं,” एवढंच म्हणाल्या.

हर्षाली ‘बरं’ म्हणाली आणि घागऱ्यांच्या घड्या घालत बसली. चारही घागरे तिनेच शिवलेत. एकेकीला पंचवीस वार कापड.

बोलले असते तर मला काढलं असतं. हे इथे तरी लिहायला हवं.

गुरुवार, ५ डिसेंबर

माझं मराठी बरं म्हणून कार्यक्रमाआधीचं निवेदन माझ्याकडे. लोकांना हा ट्रायबल बेली डान्स माहीत नाही. बेली डान्स म्हटलं की सिनेमातला एकटीचा नाच आठवतो. पप्पांनीही पहिल्यांदा हेच विचारलं होतं — पोट दिसतं का? आई त्यांच्या पुढे — पोट हलवायला क्लास कशाला, धुणं पिळ!

इतकं लिहून झालं:

‘हा नाच प्राचीन नाही. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत अमेरिकेत बसवला. त्यात अरबी देशांतलं, उत्तर आफ्रिकेतलं, थोडं आपल्याकडचंही आहे. कोण्या एका जमातीचा तो नाही. ट्रायबल म्हणतात ते बायकांच्या टोळीने मिळून नाचायचं म्हणून. आधी काहीच ठरलेलं नसतं. सगळ्या थोड्या डावीकडे वळून उभ्या राहतात. पुढची जे करील ते मागच्या करतात. बोटांतल्या छोट्या झांजांना झिल म्हणतात. थोड्या वेळाने पुढची मागे जाते, दुसरी पुढे येते. नवशिकीनेही एकदा पुढे यायचंच.’

पुढचं वाक्य ताईंनी सांगितलेलं — ‘पुढची चुकली तरी मागच्या तिच्यामागेच जातात, म्हणून तुम्हाला चूक दिसत नाही.’ ते लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मग वही मिटली.

शुक्रवार, ६ डिसेंबर

सकाळपासून विहारात. पप्पांचं गायन पथक, मी मागच्या रांगेत झांज घेऊन. सहा वर्षांची होते तेव्हापासून तिथेच उभी. ताल मला कोणी क्लासमध्ये नाही शिकवला, पप्पांच्या पाठीकडे बघत आला. त्यांचा खांदा जरा खाली गेला की ठेका बदलणार, हे मला झोपेतही कळेल. मागे मी कधीच चुकत नाही.

घरी येताना पप्पांचा घसा बसलेला. मी विचारलं, तुमची ओळ चुकली तर कोरसने काय करायचं? म्हणाले, “कोरसने सांभाळायचं. पण खाली उतरल्यावर मी सांगायचं, माझी चुकली.” मग घशाची गोळी तोंडात टाकली. का विचारलं ते त्यांनी विचारलं नाही.

खूप थकले आहे.

रविवार, ८ डिसेंबर

आणखी वाईट. हर्षालीची सुरुवातीची जागा मला दिली. पडदा उघडला की पुढे मी!

राखी हसवत होती. घागरा घालूनच रिक्षात बसली तर रिक्षावाला म्हणाला, दोन सवाऱ्या धरू का? सगळ्या हसल्या, हर्षालीही. मग हर्षाली मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, आईला येऊ नको म्हणून कळवलं. तिची आई मालनबाई नांदगावहून यायची होती, बरोबर गल्लीतल्या तीन बायका. लेक शिवणकाम सोडून नाचते म्हणून त्याच बायका आईला टोमणे मारायच्या, म्हणून मुद्दाम त्यांनाच आणत होती. “लय हिरमुसली,” म्हणाली. “म्हणे, तुला काढलं का? मी म्हटलं, नाय, जागा कमी हाये.”

तिने आईला माझ्यासाठी खोटं सांगितलं. माझ्यासाठी सांगतेय हे तिला माहीत नसताना.

मी “अगं” म्हणाले आणि बोटांत झिल चढवायला लागले.

मंगळवार, १० डिसेंबर

सर्दी. क्लासला गेले नाही. सर्दी एवढी नव्हती.

गुरुवार, १२ डिसेंबर

पुढे उभी राहणारीचा कमरपट्टा भरगच्च असतो. तो हर्षालीच्या मापाचा, मला सैल. तीच तो माझ्या कमरेला बसवत होती. गुडघ्यांवर बसून, तोंडात टाचण्या. मी वर बघत उभी. ती म्हणाली, पोट आत ओढू नको, श्वास सोड, नाहीतर रविवारी घट्ट होईल. सोडता येईना.

शुक्रवार, १३ डिसेंबर

लॅबच्या जिन्यात उभी राहून हर्षालीला फोन केला. म्हटलं, त्या दिवशी हात मी उचलला नव्हता. चूक माझी होती.

“माहिती हाये,” ती म्हणाली. “मी मागंच होते ना तुझ्या.”

मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

“तू सांगशील म्हणून थांबले.”

बारा दिवस.

उद्या शनिवार, १४ डिसेंबर. सकाळी सातची शेवटची तालीम. गाणं लागायच्या आधी, पायलताई आणि राखी दोघींसमोर सांगणार. आईला बोलावून घे, असं तिला आत्ताच कळवलं आहे.