सहावा कप

प्रिय अस्काल,

पत्र पाठवायचं नाही, अशी तुझी ताकीद होती. फोनवरून तर तू मला केव्हाच हाकललं आहेस. म्हणून हा कागद अदिसला येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. फाडायचा तर वाचून फाड. तू काम करतेस त्या बेकरीतल्या भट्टीत टाकलास तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

आधी माझी खबर. मी कॉलेज सोडलं. बाहिरदारच्या होस्टेलवर एकानं जेवताना सगळ्यांसमोर विचारलं, “काय रे यिहेनेव, तुझी कुंभारीण रात्री तरस होऊन हिंडते म्हणे, तुला अजून खाल्लं नाही?” मी त्याच्या डोक्यावर शिरोच्या रश्शाचं ताट उपडं केलं. वॉर्डन म्हणाले, माफी माग. मी पेटी उचलली. आता गावात मामाची रिक्षा चालवतो. आई म्हणते, इंजिनिअर व्हायचा होता, हॉर्न वाजवत बसलाय. म्हणू दे. तुझी माफी मागावी असं या गावात कुणाला वाटत नाही, मग मीच कशाला कुणाची मागू?

दुसरी खबर तुझ्या आईनं कळवली असेल. एतेते लाकेच, आपल्या सगळ्यांची थोरली ताई, गेली. हिदार महिन्यात, अंथरुणाला खिळून न राहता, जशी जगली तशीच कुणाला त्रास न देता गेली. अंत्ययात्रेत सगळा गाव होता. तुझी आईही होती, पण निलगिरीच्या झाडांपाशी, लांब. तिला लांब उभं राहायची सवय आहे आणि आपल्या लोकांना तिला लांब पाहायची. त्या दिवशी मला वाटलं, एतेतेबरोबर तिचा तो मोडका स्टूलसुद्धा पुरला.

त्या स्टुलावर तुझी आई बसायची, आठवतं? शनिवारी बाजारातून मडकी विकून परतताना एतेते दारातून हाक मारायची, “तवाबेच, ये गं, पहिली वाफ निघाली!” आणि आपल्याच कपांतला कप तिच्या हाती द्यायची. कॉफीच्या तिन्ही फेऱ्या झाल्याशिवाय उठू द्यायची नाही. बाकीच्या बायका तुझ्या आईकडून कॉफीचं मडकं घ्यायच्या आणि घरी नेऊन आधी धुरावर धरायच्या, कुंभार म्हणजे बुडा, रात्री तरस होणारा, त्याची नजर जळावी म्हणून. एतेते मात्र ते तिच्यासमोरच विस्तवावर ठेवायची. लोकांनी टोकलं की चिडायची नाही, हसायची. एकदा माझ्यादेखत म्हणाली, “माझी मरियम पाणी कशात भरायची रे? मडक्यातच ना? मग मडकंवालीला ती काय उंबऱ्याबाहेर उभी ठेवत असेल?” बुधवार-शुक्रवारचा उपास तिनं कधी मोडला नाही, पण दुसऱ्याला उपदेश कधी केला नाही. मला त्याचाच राग यायचा. मी म्हणायचो, एतेते, चौकात उभी राहून सांग ना एकदा! ती म्हणायची, “चौकात कॉफी थंड होते.”

आता खरी गोष्ट ऐक. ताह्सास महिन्याच्या एकविशीला मरियमचं महाबेर, दर महिन्याला पाळीनं एकेका घरी भरणारी ती प्रार्थनेची आणि जेवणाची बैठक, गिरणीवाल्या गाशे अलेनेंच्या घरी होतं. मी आईला आणायला गेलो होतो आणि दारात उभा होतो. भाकरीवर प्रार्थना झाली, जवाचा तेल्ला पिऊन झाला, आणि मरियमचं झाकलेलं मडकं पुढच्या यजमानाच्या हाती द्यायची वेळ आली. पाळी एतेतेची होती. गाशे अलेने पिठाच्या गिरणीत बोलतात त्याच आवाजात म्हणाले, “लाकेच गेली, तिची पाळीही गेली. पुढच्याला द्या.” तेव्हा आपले धर्मगुरू अब्बा मेलाकू खाकरले. ते किती भित्रे ते तुला ठाऊक आहे, स्वतःची घंटा मोठ्यानं वाजली तरी दचकतात. ते म्हणाले, “जाताना तिनं मला सांगितलंय. तिची जागा तिनं दिलीय.” कुणाला? “तवाबेचला.”

ज्याच्या हातात मडकं होतं त्यानं ते खाली टेकवलं. मग कुणीतरी म्हणालं, “म्हणजे मरियम बुडाच्या घरी जाणार? आणि आपण तिथे जेवणार?” माझं डोकं फिरलं. मी आत घुसलो, काय काय ओरडलो मला आठवत नाही. गाशे अलेने शांतपणे म्हणाले, “बाळा, आधी कॉलेज पुरं कर, मग आम्हाला शिकव.” सगळे हसले. अस्काल, माझ्या ओरडण्यानं त्या घरात जमिनीवर अंथरलेल्या गवताची काडीसुद्धा हलली नाही.

हलवली ती झेवदितूनं. तीच ती, एतेतेच्या शेजारची विधवा, जिचं तोंड आपण कधी उघडलेलं पाहिलं नाही. मान खाली घालूनच म्हणाली, “मी तवाबेचबरोबर कॉफी प्यायलेय. एतेतेकडे. कितीतरी वर्षं. मला काही झालं नाही.” तिच्याशेजारची बाई चमकून म्हणाली, “तू पण? मला वाटलं, मी एकटीच.” मग आणखी एक. मग कोपऱ्यातली म्हातारी. एतेतेनं प्रत्येकीला वेगवेगळ्या दिवशी हाक मारली होती आणि एकीचं नाव दुसरीला कधी सांगितलं नव्हतं. प्रत्येक बाई बाहेर पडताना ओठ पुसून गावात मिसळायची आणि समजायची की चोरून प्यायलेली आपण एकटीच. अब्बा तर म्हणाले, “माझी मोजणीच नको.” आणि शेवटी गाशे अलेनेंच्या बायकोनं पदराआडून नवऱ्याला टोचलं, “आणि तुम्ही? गारपिटीत अडकला होतात तेव्हा कुणाच्या शेजारी बसून तीन कप ढोसलेत?” गाशे अलेनेंचा चेहरा पाहायला तू हवी होतीस! ते म्हणाले, “थंडी होती.” आणि मग, “न्या तर न्या. मी जेवायला येईन असं काही म्हणालो नाही.”

झेवदितूनं मडकं डोक्यावर घेतलं. चार-पाच बायका जीभ हलवत आनंदानं इलिल् करत मागून निघाल्या, बाकीच्या घरी वळल्या. तुझी आई अंगणात माती मळत होती, कोपरापर्यंत बरबटलेली. मडकं पाहून ती म्हणाली, “हात धुऊन येते,” आणि आत गेली ती येईचना. मी डोकावलो तर ती पुन्हा पुन्हा हात घासत होती. मला म्हणाली, “बघ रे, अजून मातीचा वास येतो का?” बाहेरून झेवदितू ओरडली, “येऊ दे गं! मरियमला सवय आहे.”

आता ते मडकं तुझ्या घरात, तुझ्या खाटेच्या वरच्या फळीवर आहे. पुढच्या महिन्यात, तिरच्या एकविशीला, महाबेर तुझ्या आईच्या अंगणात बसणार. तिनं तेल्ल्यासाठी गेशोचा पाला भिजत घातलाय. किती जण येतील, देव जाणे. गावात पैजा लागल्यात. काही म्हणतात, अब्बा आणि कुत्री एवढेच येतील. मी म्हणतो, लावा पैजा. कुणी नाही आलं तर मी एकटा बसून सगळ्यांच्या वाटची भाकरी खाईन, पोट फुटेपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी रिक्षातून गावभर ढेकर देत फिरेन. तू जाताना म्हणालीस, “हे गाव बदलणार नाही, यिहेनेव.” मला ते मान्य नाही. गाव केव्हाच बदललं होतं, फक्त एकमेकांपासून लपून.

यजमानाच्या घरी पाहुण्यांच्या हातावर पाणी घरातल्या लेकीनं घालायचं असतं. तुझी आई तुला बोलावणार नाही, तिनं मला तसं बजावलंय. म्हणते, “तिथे सुखात आहे, कशाला पुन्हा जखम उघडायची?” म्हणून हे पत्र. तुझ्या जखमेचा आवाज मीही ऐकलाय. तू आमच्या घरून कॉफी पिऊन निघालीस, कुंपणापाशी पोचलीस, आणि माझ्या आईनं तुझा कप मागच्या दगडावर फोडला. तू वळून पाहिलं नाहीस, पण तुझे खांदे मी पाहिले. तेव्हापासून आमच्या तबकात पाचच कप होते. त्या महाबेरला आई एक शब्द बोलली नाही. मडक्यामागेही गेली नाही, गपचूप घरी आली. ती एकविशीला येईल असं मी खोटं लिहिणार नाही. पण काल सकाळी तबकात सहा कप होते. सहावा कोरा, त्यावरचं बाजारातलं गवत अजून निघालेलं नाही. मी त्यात ओतून घ्यायला गेलो तर तिनं हातावर चापट मारली. कुणासाठी गं, म्हणून विचारलं तर म्हणाली, “तुझ्या कपात पी आणि गप बस.” अस्काल, मी गप बसणार नाही. तू ये.

तू नको म्हणालीस तरीही तुझाच,
यिहेनेव