दाजी, तुम्ही गाडीवर बसला होतात

पुणतांबा,
सोमवार

तीर्थस्वरूप अंगदराव दाजी यांसी,

धाकटा मेहुणा श्रीमंत याचा वाकून नमस्कार. गोदामाईच्या कृपेने इकडे सगळे धडधाकट आहेत. तुमचे गुडघे कसे आहेत ते आधी कळवा. छबूअक्काने धाडलेला ठेचा पोचला आणि संपलाही.

आमच्या कोर्टाच्या भानगडीबद्दल तिकडे नगरला, सावेडीपर्यंत काहीबाही आलंच असेल. लोक अर्धवट सांगतात आणि त्यात माझं कर्तृत्व बाजूला राहतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आमची पांढरी गाडी तुम्हाला माहीत आहे. मंडपाच्या धंद्यात टेम्पोतून उतरलं की गिऱ्हाईक भाव पाडतं, म्हणून ती घेतली. कर्ज आमच्या हिच्या, भीमाच्या नावावर काढलं (बायकांना व्याज जरा कमी पडतं). पुढे लग्नसराई कोरडी गेली, हप्ते थकले आणि फायनान्सवाले गाडी ओढून न्यायला येऊ लागले. मी ती आज या मळ्यात, उद्या त्या मळ्यात अशी फिरवत राहिलो. शेवटी कंपनी कोर्टात गेली आणि गाडी ताब्यात घ्यायला कोर्टाने रिसिव्हर नेमला. रिसिव्हर म्हणजे कुणी मिशीवाला असेल अशी माझी कल्पना. निघाल्या धनश्री मॅडम, तरुण वकीलबाई, सोबत हवालदार आणि हातात कोर्टाचा हुकूम.

त्या येणार ही कुणकुण मला आधीच लागली होती. दाजी, आता जरा टेकून बसा. मारुतीच्या देवळापुढे तुमचा निवृत्तीचा सत्कार केला ना, त्या स्टेजखाली गाडी होती. लोखंडी सांगाडा, वर फळ्या, त्यावर लाल गालिचा, चारी बाजूंनी जांभळी झालर आणि आत गाडी. स्टेज फार उंच केलाय म्हणून पायऱ्या चढताना तुम्ही कुरकुर केलीत. उंची गाडीच्या टपावरून ठरवली होती. पंचवीस वर्षांच्या धंद्यात इतका मजबूत स्टेज मी बांधलेला नाही (अर्धं गाव वर चढलं तरी टपाला ओरखडा नाही).

मॅडम आल्या तेव्हा तुमचं भाषण रंगात आलं होतं. पाटबंधारे खात्यात इतकी वर्षं काढली पण कधी काही दडवलं नाही, असं तुम्ही सांगत होतात, आणि सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवत होतो. त्यांनी घर, गोदाम, मळा सगळं पाहिलं. मग मीच म्हणालो, "मॅडम, दमलात. दोन मिनिटं वर बसा." त्या संकोचल्या, तर तुम्हीच त्यांना खुर्ची दिलीत. तुमच्या हस्ते त्यांना नारळ दिला. हवालदार स्टेजच्या खांबाला टेकून जिलबी खात होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गाडीचा पत्ता विचारत होता. मॅडमनी कोर्टाला कळवलं की गाडी मिळाली नाही. स्टेज मी मोडलाच नाही. सप्ताह जवळ आलाय, असं गावाला सांगून टाकलं.

मग कोर्टाने आमच्याकडून प्रतिज्ञापत्र मागितलं. मी आमच्या बजरंग वकिलाला लिहायला सांगितलं, की गाडी कुठे आहे हे मला ठाऊक नाही, आणि खाली झोकदार सही ठोकली. भीमाने मात्र पेन खाली ठेवलं.

"मला ठाव हाय गाडी कुठं हाय ते," ती म्हणाली. "मग ठाव न्हाई आसं कसं लिहू?"

आणि इथे माझा हिशेब चुकला. कोर्टाच्या अवमानाची नोटीस आली ती भीमाच्या नावाने. वकील मला बाजूला घेऊन म्हणाले, "श्रीमंतराव, फायनान्सवाल्याला चुकवलंत तर तो कोर्टात जातो. कोर्टाला चुकवलंत तर माणूस जेलात जातो. आणि इथे कर्जदार वहिनी आहेत, तुम्ही नाही." गाडी कंपनीच्या दारात गुपचूप सोडून येतो म्हणालो, तर भीमा म्हणाली, "आता साहेबालाच सांगते. लपवून दिली तर लपवून दिल्यासारखंच हुईल."

तारखेला ती नऊवारी नेसून सरळ उभी राहिली. न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, गाडी कुठे आहे?"

"साहेब, ह्या मॅडम बसल्या हुत्या त्याच्या खाली."

"कशाच्या खाली?"

"स्टेजच्या. आमच्या दाजींचा सत्कार हुता. मॅडमला नारळ पन दिला." मग म्हणाली, "डोकं मालकाचं, पन नाव माझं हाय. काय बोलायचं ते मला बोला."

धनश्री मॅडम कानापर्यंत लाल झाल्या. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. दाजी, माझ्या लपवण्याचा मला अभिमान होताच, पण त्या घटकेला भीमाकडे बघून ऊर असा भरून आला की स्टेजची गोष्ट मीच विसरलो.

दुसऱ्या दिवशी मॅडमसमोर मी स्वतः झालर सोडली आणि चावी दिली. हवालदार गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "ही जागा आम्हाला जन्मात सुचली नसती." असा दाखला पोलिसांकडून आपल्या घराण्यात कुणाला मिळालाय सांगा. भीमाची माफी कोर्टाने मान्य केली आणि तिची नोटीस रद्द झाली. गाडीचा लिलाव होईल, वर कमी पडेल ते आम्हालाच भरायचं आहे. मी सध्या टेम्पोने फिरतो. स्टेज बघायला लोक येतात, दोन लग्नांची सुपारीही मिळाली.

अक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. गुडघ्यांना तेल लावत जा.

आपला,
श्रीमंत

ता. क. : खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल माझ्यावर वेगळी केस लागली आहे. नगरात स्वतःचं घर असलेला, नाव स्वच्छ असलेला जामीनदार हवा आहे. मी कोर्टात तुमचं नाव सांगून ठेवलं. घराचे कागद घेऊन गुरुवारी या. कोर्टात पायऱ्या कमी आहेत.

आणखी एक : भीमा मागे उभी राहून वाचते आहे. ती म्हणते, खरं लिहा. तर खरं असं की आधी स्टेज ठरला आणि मग सत्कार कुणाचा करावा याचा विचार झाला. सरपंच त्या दिवशी मोकळे नव्हते. पण दाजी, शाल दुकानातली सगळ्यात चांगली होती, आणि ती भीमाने निवडली होती.