डाव्या बॅकची जागा कोंडीच्या घराला

आधी माफी मागते. शुद्धलेखन माझं कच्चं हाय. टाईप एका अंगठ्याने करते, कारण दुसऱ्या हाताला सलाईन लावलंय. एवढं लिहीपर्यंत जेवण थंड झालं. काय चुकलं असेल तर वाचणाऱ्याने मनातल्या मनात बरोबर करून घ्यावं.

मी, गौरा नवशा झुगरे, राहणार सूर्यमाळचा वरचा पाडा, तालुका मोखाडा, वय अठरा पूर्ण, धंदा भात, नाचणी आणि डावा बॅक, हे मृत्युपत्र माझ्या खुशीने लिहिते. डोकं शाबूत हाय. कोणी दम दिला नाय, कोणी फूस लावली नाय. शाबूत नाय तो फक्त डावा गुडघा.

गुडघा फुटबॉलच्या सेमीफायनलला गेला. मोखाड्याच्या टीमशी मॅच होती. मी वळले, पाय नाय वळला. आता जव्हारच्या दवाखान्यात पडून हाय, उद्या ॲम्ब्युलन्सने नाशिकला नेतील आणि ऑपरेशन होईल. त्याच्या कागदावर बाबाने सही केली आणि व्हरांड्यात जाऊन रडला. मला वाटलं, एवढ्या सह्या होतायत तर एक माझीपण होऊ दे.

पण खरं कारण वेगळं हाय. रविवारी इथेच जव्हारला आमची फायनल हाय, आणि माझी जागा कोणाला जाणार ते त्याच्या आधी ठरलं पाहिजे.

बाहेरच्या माणसाला हे कळणार नाय म्हणून सांगते. आमच्याकडे बोहाडा होतो तेव्हा देवांची सोंगं घरांना वाटून दिलेली असतात. ज्या घराचं सोंग, त्याच घराने तो मुखवटा घालून नाचायचं. बाप थकला की पोरगा घालतो. पाड्यात पोरींची फुटबॉल टीम काढायची ठरली तेव्हा म्हातारी माणसं बसली आणि त्यांनी टीमपण तशीच वाटली. गोलकीपर ह्या घराला, पुढचा डावा त्या घराला. कोणी रुसू नये म्हणून. आमच्या घराला डावा बॅक आला, म्हणजे मागे डावीकडे उभं राहून समोरच्याला अडवायचं. आधी माझी बहीण खेळायची, ती लग्न होऊन वांगणीला गेली, मंग माझ्याकडे आला. माझ्यामागून घरात पोरगी नाय, म्हणून रीतीने जागा माझ्या काकाच्या पोरीला, रुपीला जाते.

रुपी माझी लाडकी हाय. पण बॉल आला की ती डोळे मिटते.

कलम पहिलं. माझे स्टडचे बूट आईला. आई म्हणते लावणीला चिखलात असलेच बूट पाहिजेत. घाल म्हणावं.

कलम दुसरं. पायाच्या नळीवर बांधायचे सायकलच्या टायरचे पट्टे मी स्वतः कापलेत, ते टीमला. वास येतो, पण लागत नाय.

कलम तिसरं. मोखाड्याच्या टीमच्या रविनावरचा माझा राग मी निम्मा सोडला. पायात पाय तिने मुद्दाम घातला नाय, हे मला माहीत हाय. पण मी पडल्यावर ती हसली. तो निम्मा राग मी कोणाला देत नाय, माझ्याकडेच ठेवते.

कलम चौथं, मोबाईलमधला हेनिंग. ह्याला थोडा वेळ लागेल.

हेनिंग फोसबेक हा जर्मनीचा बॅक. लय मोठा खेळाडू नव्हता, म्हणूनच मला सापडला. एकदा दुसऱ्याच कोणाचा गोल बघत होते, त्याच्यात गोल वाचवायला एक उंच माणूस तोंडावर बॉल घेऊन पडला. गोल नाय झाला. सगळे नाचले, हा नाक धरून आपल्या जागेवर परत गेला. मी म्हटलं, हा आपला.

मंग त्याचं मिळेल ते सगळं बघितलं. खाली हिंदीत लिहून येतं ते वाचायचं. त्याच्या बापाच्या गाई होत्या. पोरगा सोळाचा असताना मोठ्या क्लबने घरी पाठवला, म्हणाले पाय जड हायेत. मंग खालच्या टीममध्ये खेळला आणि सकाळी गाडीवरून पाव वाटायचा. तेवीसाव्या वर्षी दुसऱ्या लीगमध्ये घेतला. पहिल्याच मॅचला आपल्याच जाळ्यात गोल मारला! मला वाटलं आता काढतील. कोच फक्त म्हणाला, उद्या वेळेवर ये. तो गेला वेळेवर, आणि बारा वर्षं जात राहिला.

टीम एकदा खालच्या लीगमध्ये पडली. चांगले चांगले सोडून गेले, हा थांबला. दोन वर्षांनी टीम वर आली. तिथून आणखी वर, सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, एकच वर्ष. त्या वर्षी मोठमोठे फॉरवर्ड त्याच्या अंगावर आले. तो बॉलकडे बघायचाच नाय, समोरच्याच्या कमरेकडे बघायचा. पाय फसवतात, कंबर नाय फसवत. हे मी त्याच्याकडून शिकले आणि पाड्यातल्या कोंडीला शिकवलं, तिचं पुढे सांगते. सगळ्या जन्मात त्याने समोरच्या टीमवर एक गोल केला, तोपण पाठीला लागून गेला. त्याला कळलंच नाय. दुसऱ्यांनी उचलला तेव्हा कळलं.

आणि तो बोलायचा नाय. पत्रकार हा एवढा लांब प्रश्न विचारायचा, हा म्हणायचा, "हो." मला लय बरं वाटायचं. मी सातवीनंतर आश्रमशाळा सोडली त्याचं कारण लोक काहीपण सांगतात. खरं म्हणजे वर्गात उभं करून वाचायला लावायचे आणि माझा आवाज निघायचा नाय. पोरं हसायची. पाड्याच्या बैठकीतपण मी आजवर तोंड उघडलं नाय. मला वाटायचं, न बोलणारा माणूस कुठेच पोचत नाय. हेनिंग पोचला.

शेवटी त्याचापण गुडघाच गेला. हे मी ढवळू आजाला सांगितलं होतं. ढवळू आजा म्हणजे आमच्या पाड्यातला सगळ्यात म्हातारा, बोहाड्याची आणि टीमची वाटणी त्याच्याच हातात. त्याने विचारलं, "मंग त्याच्या जागी त्याचा भाऊस खेळला?"

"नाय आजा. एक परका पोरगा आला. त्याचे आईबाप दुसऱ्या देशातून आलेले."

"आन् ह्याच्या भावकीनं भांडण नाय केलं?"

"नाय."

आजा बराच वेळ तंबाखू मळत बसला. मंग म्हणाला, "लय गरीब माणसं दिसतात."

तर मोबाईलमधले हेनिंगचे सगळे व्हिडिओ कोंडीला. मोबाईल भाऊ मुकेशला, पण व्हिडिओ काढून घेतल्यावर.

कलम पाचवं. हेच खरं कलम. डाव्या बॅकची जागा मी कोंडी पोश्या हिला देते.

कोंडीचं घर चार वर्षांपूर्वी वावर गावाहून आमच्या पाड्यात आलं. वाटणी तेव्हा होऊन गेलेली, म्हणून त्यांना सोंग नाय आणि टीममध्ये जागापण नाय. आमचं मैदान म्हणजे कापलेलं भाताचं खाचर, त्याच्याखाली दरी. बॉल दरीत गेला की कोंडी आणते. एवढंच तिचं काम. सकाळी पाणी भरून आलो की आम्ही दोघीच खेळतो आणि मी तिला पार करू शकत नाय. हे मी कोणाला सांगितलं नाय, आज लिहून देते. ती माझ्यापेक्षा चांगली बॅक हाय.

इथपर्यंत लिहिलं आणि जयश्री सिस्टरला वाचायला दिलं. सिस्टर आमच्या वॉर्डची, कडक हाय पण हसते. वाचून म्हणाली, "अगं येडे, मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होतं. मॅच रविवारी. तुझा काय विचार हाय?"

"मरायचा नाय," मी म्हटलं.

"मग ही कोंडी खेळणार कशी?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. म्हणून कलम सहावं घातलं.

कलम सहावं. मला आज संध्याकाळपासून मेलेली धरावं, पण फक्त फुटबॉलपुरती आणि फक्त डाव्या बाजूला. जेवणाला, लग्नाला आणि बोहाड्याला मला जिवंत धरावं.

सिस्टर एवढी हसली की शेजारच्या खाटेवरची चंदना मावशी उठून बसली. तिलापण वाचून दाखवलं. मावशी म्हणाली, "बाय, हे आत्ताच धाड गावाला." मी स्क्रीनचे फोटो काढून मुकेशला पाठवले. पाड्यात तेव्हा बैठक बसलीच होती, ह्याच कामाला. मुकेशने सगळ्यांसमोर वाचलं. थोड्या वेळाने फोन आला, ढवळू आजाचा आवाज.

"गौरा, तू मेलीस कं?"

"नाय आजा."

"मंग कागूद कशाला? मेलेली फोन उचलते कं कुठं? मालकीण जिती हाय तं तिनं तोंडानं सांगायचं. सगळी बसलीत हितं. फोन मोठा केलाय. सांग."

मी सलाईनची नळी सरळ करत बसले. तिकडून कोणीतरी खोकलं, कुत्रं भुंकलं. काका म्हणाला, "ती नाय बोलायची. जागा रुपीची, उठा आता." मला मुकेशचा आवाज आला, "थांबा ना काका." आणि मंग एकदम शांत. मला वाटलं फोन कट झाला, आणि कट झाला असं वाटलं म्हणूनच मी बोलले बहुतेक.

"जागा माझी हाय. मी कोंडीला दिली."

"मोठ्यानं!" कोणीतरी ओरडलं.

मंग मी एवढ्या मोठ्याने बोलले की सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. "जागा माझी हाय! मी कोंडीला दिली! रुपीला नको हाय, तिलाच विचारा!"

"नको गे आये, नको मला!" रुपी तिकडून ओरडली. "मला बॉलची भीती वाटते!" सगळे हसले. काकापण हसला असेल, त्याचं हसू वेगळं ऐकू येतं.

आजा हसला नाय. म्हणाला, "ऐक गौरा. सोंग दिलं की ते त्या घराचं झालं. उद्या तुझा पाय बरा झाला तरी माघारी मागायचं नाय. कोंडीच्या मागून तिच्या घरात जाईल, तुझ्या नाय. कळतं कं?"

हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि कोणी मोठ्याने विचारणं वेगळं. डॉक्टर म्हणालेत वर्षभर नाय, पुढचं पुढे बघू. पुढचं म्हणजे परत त्याच जागेवर खेळायचं, असं मी मनात ठेवलेलं होतं. बहिणीने ती जागा माझ्या हातात दिली होती. मी प्लास्टरकडे बघितलं. मंग म्हटलं, "कळतं. नाय मागणार."

"कोंडी, उठ. पाया पड मैदानाच्या," आजा म्हणाला. त्याच्यानंतर बराच गोंधळ. मंग फोनवर कोंडी आली. ती रडत होती का धापा टाकत होती कळत नव्हतं.

"गौरा, मंग तू बरी झाल्यावर कुठं खेळशील?"

"तुझ्यासमोर," मी म्हटलं. "सकाळचं. पाणी भरून आल्यावर."

"आन् बॉल दरीत गेला तं?"

"तूच आणायचा. मालकीण झालीस म्हणून काय झालं."

म्हणून आता कलम सहावं मी खोडते. मला कुठेच मेलेली धरू नये. कलम पाचवं आजच लागू झालं, सगळ्यांसमोर, माझ्या तोंडाने. बाकीची कलमं मी खरोखर मरेन तेव्हासाठी, त्याची घाई नाय. आईने बूट आत्ता घातले तरी चालतील.

हे सगळं मी स्वतः टाईप केलं. सिस्टरने फक्त दोन जोडाक्षरं सांगितली.

ठिकाण: जव्हार, दवाखाना, बायकांचा वॉर्ड, खिडकीकडची खाट
तारीख: 14 फेब्रुवारी 2025, शुक्रवार

सही: गौरा नवशा झुगरे

साक्षीदार एक: जयश्री सिस्टर (ड्यूटीवर असताना सही केली, कोणाला सांगू नये)
साक्षीदार दोन: चंदना मावशी, शेजारची खाट, अंगठा

ता. क. आत्ताच बाहेर आरडाओरड झाली. एक माकड डॉक्टरच्या मोटरसायकलवर बसलंय, हेल्मेट पोटाशी धरून, आणि कोणाला जवळ येऊ देत नाय. त्याला ही जागा कोणी वाटून दिली, आजाला विचारलं पाहिजे.