टोकाला टोक

१२ जानेवारी, सोमवार

सरांनी आज सांगून टाकलं. सुट्टीत नदीच्या सर्व्हेला वर्गातून एकच जण येणार. एकच! सर आणि विभागातल्या मॅडम असणार, मुखापासून निघून वर उगमापर्यंत जाणार. आणि जो जाईल त्याच्यासाठी एम. ए.च्या प्रवेशाला सर स्वतः शब्द टाकणार.

पहिल्या वर्षापासून मी या जागेवर डोळा ठेवून आहे. भूगोल घेतला तोच मुळी या नदीसाठी. सरांनी सांगितल्याबरोबर सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघायला लागला. काय बरं वाटलं! मी उगाच पेन्सिलला टोक करत बसले.

मग सगळा वर्ग पाहुणीकडे वळला.

पाहुणी म्हणजे ती, जी यंदा दुसऱ्या कॉलेजातून उठून थेट आमच्या तिसऱ्या वर्षात येऊन बसली. पहिल्या दिवशी मागच्या बाकावरून जांभई म्हणाला, "ही पाहुणी कोण?" तेच नाव चिकटलं. (जांभई म्हणजे तासाला झोपा काढणारा आमचा एक मुलगा. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.) पाहुणी कसली! चार दिवसांत घर बळकावून बसली. पूर्वी सर अवघड काही निघालं की माझं नाव घ्यायचे. आता आधी तिचं घेतात, मग माझं. मी दुसरी!

१४ जानेवारी, बुधवार

काका आले होते. नेहमीची परीक्षा झाली. "भूगोलवाल्या बाई, सांगा बघू, जगातली सगळ्यात लांब नदी कोणती?" गेली तीन वर्षं हाच प्रश्न. उत्तर दिलं की म्हणतात, "वा, अभ्यास चालू आहे म्हणायचा." दादा म्हणाला, "काका, ती नकाशे रंगवते. मुलं रंगवतात तसे, फक्त तिला मार्क मिळतात."

 बाबांनी रात्री जेवताना हळूच विचारलं, "ते सर्व्हेचं नक्की होईल ना गं?" म्हणजे त्यांनीही जीव टांगून ठेवलाय. आता तर गेलंच पाहिजे.

१७ जानेवारी, शनिवार

पाहुणी आज घरी आली! न कळवता! म्हणे माझी समोच्च रेषांची शीट एक दिवस हवी होती, रेषांवरचे उंचीचे आकडे मी कसे लिहिते ते बघायचं होतं. स्वतःची शीट काय कमी चांगली असते? आकडे बघायचेत म्हणे. चुका शोधायला हव्या असणार.

आई तर विरघळलीच. शिवणाचं मशीन बंद करून तिच्याशी गप्पा मारत बसली. माझ्याशी बोलताना ते मशीन कधी थांबलेलं मी पाहिलेलं नाही. ती गेल्यावर म्हणाली, "किती गोड मुलगी! तू पण कधी तिच्या घरी जात जा." मी म्हटलं, "दत्तकच घे ना तिला." आई म्हणाली, "घेतलंही असतं. ती निदान माझे टाके तरी उसवणार नाही, तुझी खात्री नाही." हा काय विनोद झाला?

सगळ्यात जास्त राग आला तो माझ्या खोलीत. टेबल निरखून बघितलं. निब कुठून आणतेस? दिवा डावीकडे का ठेवतेस? शाई कोणती? पोलीसच जणू! मग भिंतीवरच्या माझ्या नकाशासमोर जाऊन उभी राहिली. उभी राहिली ती राहिलीच. आणि एक शब्द नाही! "छान आहे" म्हणायला काय जातं माणसाचं? शिष्ट!

तो नकाशा म्हणजे माझं दुखणं आहे. गेल्या वर्षी सगळ्या कॉलेजांचं प्रदर्शन होतं, त्यासाठी काढला होता. आपली ही नदी, उगमापासून समुद्रापर्यंत, प्रत्येक वळण, प्रत्येक ओढा. डोळे फुटायची वेळ आली होती. बक्षीस नाही मिळालं. वर परत आला तो खराब होऊन. कुणा मूर्खानं घामट बोट वरून खालपर्यंत नदीवरून फिरवलं होतं. निळी शाई नदीभर फिसकटली. त्या दिवशी मी जेवले नाही. बाबांनी तरी तो फ्रेम करून आणला. म्हणाले, "पूर आलाय असं समज."

२३ जानेवारी, शुक्रवार

टेकडीवर प्रॅक्टिकल. सर म्हणाले, डोळे मिटा, जागच्या जागी चार गिरक्या घ्या आणि उत्तर दिशा दाखवा. बाकीच्यांनी वाटेल तिकडे हात केले. जांभईनं आभाळाकडे केला. पाहुणीनं मात्र अगदी सरळ उत्तरेकडे! सरांनी होकायंत्र काढून बघितलं आणि हसले. "हिला यंत्राची गरजच नाही."

मीही हसले. हसताना गाल दुखले.

उतरताना ती मुद्दाम मागे थांबून माझ्याबरोबर चालायला लागली. म्हणाली, "मला रेषा काढता येत नाहीत गं तुझ्यासारख्या. हात थरथरतो." किती तो मानभावीपणा! ज्यांच्याकडे सगळं असतं त्यांनाच असलं बोलायला परवडतं. मी म्हटलं, "सवयीनं येतं." आणि भरभर पुढे निघून आले.

२४ जानेवारी, शनिवार

घरात डोळे मिटून गिरक्या घेतल्या. बोट न्हाणीघराकडे. दादा दारात उभा राहून बघत होता.

२ फेब्रुवारी, सोमवार

निवड कशी करणार ते कळलं. कॉलेजच्या मागच्या पाण्याच्या टाकीभोवती प्रत्येकानं एकट्यानं सर्व्हे करायचा. टेपचं दुसरं टोक धरायला लॅबवाले काका, बस्स. होकायंत्रानं दिशा वाचायची, टेपनं अंतर मोजायचं, असं जमिनीत ठोकलेली एकेक खुंटी गाठत टाकीला वळसा घालून पहिल्या खुंटीपाशी परत यायचं. मग ते सगळं कागदावर काढायचं. शेवटची रेघ जिथून निघालो तिथेच येऊन मिळायला हवी. ती कधीच अगदी मिळत नाही, थोडी फट राहतेच. पण जितकी फट कमी, तितका हात चांगला. निदान मी तरी असंच समजते.

सर म्हणाले, "काम मन लावून करा. मला तुमचा कागद बघून तुम्ही कळला पाहिजेत." पाहुणी मान डोलवत होती. माझं सगळं लक्ष तिच्या मानेकडे.

९ फेब्रुवारी, सोमवार

पाहुणीचा नंबर सकाळी, माझा दुपारी. ऊन मरणाचं. टाकीच्या मागच्या बाजूला होकायंत्राचा काटा काही ठरेना, नुसता डुलत होता. तीनदा वाचलं, तीनदा वेगळं. शेवटी मधला आकडा धरला आणि पुढे गेले.

संध्याकाळी घरी निघताना जिन्यात पाहुणी भेटली. चेहरा उतरलेला. "तुझं जुळलं?" तिनं विचारलं. मी अजून कागदावर रेघसुद्धा मारली नव्हती. सगळे आकडे नुसते खिशात. पण तिचा तो चेहरा बघितला आणि काय झालं कुणास ठाऊक, मी खांदे उडवून म्हटलं, "हो. अगदी टोकाला टोक."

"काहीच फट नाही?"

"तसूभर नाही."

 ती मान खाली घालून नकाशाच्या खोलीत निघून गेली. मला इतकं बरं वाटलं! खरंच सांगते, गेल्या सहा महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. घरी येताना गाणं गुणगुणत आले.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ती म्हणाली, "माझंही जुळलं. टोकाला टोक."

जुळलं! तिचं!! मग काल तोंड पाडून कशाला फिरत होती? सहानुभूती गोळा करत होती काय? दिवसभर अंगाचा नुसता तिळपापड.

संध्याकाळी माझं कागदावर काढायला घेतलं. नाही जुळत. फट कसली, भगदाड आहे! शेवटची रेघ पहिल्या खुंटीपासून अंगठाभर लांब. पुन्हा काढलं. तेवढंच. टाकीच्या मागेच काहीतरी बिघडलंय. तो काटा! पण काय सांगणार? तिचंही होकायंत्र तेच होतं, टाकीही तीच होती. तिचं जुळलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

जुळवलं.

उलटं गणित केलं. आधी रेघा टोकाला टोक मिळवून काढल्या, मग त्या रेघांवरून दिशा आणि अंतरं ठरवली आणि वहीत उतरवली. कुठे दोन अंश कमी, कुठे अर्धा मीटर जास्त. सगळेच करतात थोडंफार. फरक एवढाच की मी थोडंफार केलं नाही.

काढलाय मात्र काय सुंदर! अक्षरं तर छापल्यासारखी. आई मशीनवरून उठून बघायला आली, माझ्यासाठी पहिल्यांदाच. म्हणाली, "एवढं नीट असतं का गं बाहेर सगळं?" मी म्हटलं, "मोजता आलं तर असतं."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

कागद दिला. पाहुणीनंही दिला. दोघी एकमेकींच्या कागदाकडे तिरक्या नजरेनं बघत होतो. तिचंही एकदम चोख. मेली!

१८ फेब्रुवारी, बुधवार

झोप नाही. बाबा रोज विचारतात, "लागला का निकाल?" डोळ्यांपुढे पाहुणी नदीवर सरांच्या शेजारी उभी दिसते आणि मी उठून बसते. तिच्या पायाला काही होऊ दे, असं मनात आलं. फार नाही. नुसता मुरगळू दे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

जांभई!

जांभई जाणार! लिहूनसुद्धा खरं वाटत नाही.

सरांनी आधी मला आणि पाहुणीला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, दोघींमधून ठरवणार. सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.  मग म्हणाले, "त्या टाकीमागे जमिनीखाली जुने लोखंडी पाइप आहेत. काटा तिथे फिरतोच. म्हणून तर मी ती जागा निवडली. कुणाचंच जुळणार नव्हतं. तुम्हा दोघींचंच कसं काय जुळलं?"



मग त्यांनी जांभईचा कागद पुढे केला. घाणेरडा! रबरानं खोडून खोडून भोक पडलेलं. अंगठाभर फट जशीच्या तशी. माझी होती तेवढीच! आणि खाली त्याच्या त्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात: 'टाकीमागे काटा वेड्यासारखा करतो. दोनदा जाऊन बघितलं. का ते मला कळलं नाही.'

सर म्हणाले, "मला नदीवर हा मुलगा हवा. तुम्ही दोघी हुशार आहात. तुम्ही मला घरी बसून नदी काढून द्याल."

बाहेर आलो. मला वाटलं होतं, निदान ती हरली याचा तरी आनंद होईल. तोही होईना. जिन्यात जांभई भेटला, बिचारा घाबरलेला. म्हणाला, "मला पोहता येत नाही, हे सरांना कुणी सांगाल का?"

घरी बाबांना सांगितलं. खरं सांगितलं, सगळं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरं." आणखी काही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मी जुळवलं, कारण तिचं जुळलं होतं. तिनं का जुळवलं? डोळे मिटून उत्तर दाखवणाऱ्या बाईला काय गरज होती?

२१ फेब्रुवारी, शनिवार

पाहुणी आली. डोळे सुजलेले. मी दारातच विचारलं, "तू कशाला जुळवलंस?"

"तू म्हणालीस ना, टोकाला टोक. मग मी फट कशी दाखवणार? तुला?"

मी तिला सांगितलं की मी ते म्हणाले तेव्हा माझा कागद कोरा होता. हसेल असं वाटलं. हसली नाही. माझ्या खोलीत गेली आणि भिंतीवरची फ्रेम काढून हातात घेतली. बोट उगमावर ठेवलं आणि काचेवरून त्या फिसकटलेल्या शाईवरून खाली आणलं, वळणावळणानं, पार समुद्रापर्यंत. डाग बरोबर त्या बोटाएवढा.

"प्रदर्शनात तुझ्या नकाशापाशी कुणी नव्हतं," ती म्हणाली. "असं मला कधी काढता येणार नाही, असं वाटलं. इतकी जळले गं मी. खाली तुझं नाव होतं, कॉलेजचं होतं. म्हणून तर इथे आले."

आता हिच्यावर धड जळायचीही सोय राहिली नाही.