परसातली दोरी

१२ मे
या देशातलं स्वातंत्र्य संपलं. आज पुरावाच मिळाला. परसात दोरी बांधून चादरी वाळत घातल्या, तर दुपारी सोसायटीचा चेअरमन कर्टिस वेंट दारात हजर. म्हणे, "मार्लीनबाई, बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत, नियम आहे. या वेळी नुसती समज देतोय." माझी आई याच ओहायोत आयुष्यभर उन्हात कपडे वाळवत आली, कुणाच्या बापाला विचारायला गेली नाही. कर्टिसने जन्मात एक रुमाल तरी पिळला असेल का, शंका आहे.
निश्चय: नियम रद्द करवणार. कॉलेजात राज्यशास्त्र उगाच नाही शिकले. आठवडा पुरे.

१५ मे
मतं गोळा करायला सुरुवात. शेजारचा डेल्बर्ट म्हणाला, "दोरीला मत देतो की! पण माझी बोट अंगणात ठेवायला तुमचं मत हवं." ती बोट! वर फाटकी निळी ताडपत्री. स्वातंत्र्य वेगळं आणि मोकाट सुटणं वेगळं, असं त्याला सुनावलं. तर म्हणतो, "म्हणजे तुमची ती चादर आणि माझा तो उकिरडा, असंच ना?" असंच. माणूस दिसतो तितका मठ्ठ नाही.

१९ मे
समोरच्या योलांडाला दार जांभळं रंगवायचंय. जांभळं! सकाळची कॉफी मी तिच्या दारासमोरच्याच खिडकीत घेते. म्हणाली, "तुमची अंतर्वस्त्रं मी बघायची, आणि तुम्हाला माझं दार सोसत नाही?" चादरी आहेत त्या. असल्या लोकांशी वाद काय घालायचा?

२५ मे
आठवडा उलटून गेला. कपडे वाळवायला ड्रायर लावला. तात्पुरता. निषेध म्हणून त्याचं झाकण आपटलं.

५ जून
सभा. स्वातंत्र्यावर खणखणीत बोलले. टाळ्याही पडल्या. मग कर्टिसने कावा केला. दोरी, बोट, दार, सगळं एकाच ठरावात. "हो तर सगळ्याला हो, नाही तर सगळ्याला नाही." डेल्बर्ट आणि योलांडाने लगेच बाजूने हात वर केले. लोचट. मला डोळ्यांपुढे ती ताडपत्री दिसली, मग ते दार. मी विरोधात हात वर केला. तत्त्वाचा प्रश्न होता.
ठराव एका मताने पडला. ते मत माझं, असं योलांडा सगळ्यांना सांगत सुटली. विरोधातले बाकीचे हात तिला दिसले नाहीत वाटतं.
इथल्या लोकांची लायकीच नाही स्वातंत्र्याची.

६ जून
सकाळी कर्टिस येऊन गेला. "तुमच्यासारख्या शिस्तीच्या बाई कमिटीत हव्यात." विचार करून सांगते म्हटलं. मग दोरी काढायला गेले. गाठ सुटेना. शेवटी डेल्बर्टला हाक मारली. टोमणा मारेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं.
त्याने गाठ सोडली, दोरी नीट गुंडाळून माझ्या हातात दिली आणि गेला.
माझं उत्तर फार चांगलं होतं, वाया गेलं.