नंदाच्या नावाची चिठ्ठी

बोपोडी,
१६ नोव्हेंबर २००८, रविवार

प्रिय नंदा,

सप्रेम जयभीम. चार वर्षांनी लिहिते आहे, माफ कर. बोपोडीहून खराडी रिक्षाने तासाभरावर, मोबाईल दोघींकडे, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मी समोरच्याला बोलू देत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. पत्र तू निदान अर्ध्यात ठेवून देऊ शकतेस.

इकडे ठीक. दादांचे गुडघे दुखतात, तरी सकाळी पुलापर्यंत जाऊन येतात. तुझ्या योगेशच्या कंपनीत माणसं कमी करताहेत असं कानावर आलं. त्यावर काय करावं हे मी सांगणार नाही. (पुढच्या चार ओळी खोडल्यात, त्या तुला दिसतीलच.)

परवा दादांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला लावली. तिच्यात खडकीच्या क्वार्टरमधल्या आपल्या सगळ्या चिठ्ठ्या निघाल्या. दादांच्या फॅक्टरीत बंद पडलेल्या मशीनला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधत. तीच पद्धत दादांनी घरी आणली होती. जुन्या लग्नपत्रिका कापून, सुतळी ओवून, स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. बिघाड काय, कधीपासून, उद्या काय करणार. नळ गळतो इथपासून आईचं शेजारणीशी वाजलं इथपर्यंत सगळं त्या खिळ्याला लटकायचं. भोंगा झाला की दादा सायकल भिंतीला लावून आधी खिळा वाचायचे, मग चहा.

तुझी आठवीतली चिठ्ठी सापडली. 'बिघाड: भूमितीच्या बाई. कधीपासून: जूनपासून. उद्या: दादांनी शाळेत येणे.' त्यावर दादांनी लाल पेन्सिलीने लिहिलंय, 'बाई दुरुस्त होणार नाहीत. तू काय करणार ते लिही.' आणि खाली तुझं रागारागातलं अक्षर, 'पहिल्या बाकावर बसणार.' दादा आणि मी खूप हसलो.

दोन खोल्यांत पाच माणसं, पण कुठलीही अडचण त्या पुठ्ठ्यावर मावायची. रडणारं माणूस लिहायला बसलं की रडणं थांबायचं. माझा त्या पद्धतीवर अजून विश्वास आहे, अगदी नको इतका.

पेटीत सगळ्यात वर २००४ सालची एक चिठ्ठी होती. मीच ठेवलेली, मी काही टाकत नाही. दादांनी चष्मा लावून मोठ्याने वाचली. 'बिघाड: नंदाची पिशवी. उद्या: बालवाडीत देणे.' पुढे बरोबरची खूण.

"हे नंदाचं अक्षर नाही," म्हणाले.

"माझं आहे."

"मशीन जो चालवतो त्यानेच चिठ्ठी लिहायची असते, रतन. आवाज त्याने ऐकलेला असतो. दुसऱ्याने बांधली तर आम्ही कापून टाकायचो."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"मला दिसली तोवर पिशवी गेली होती. आणि तू विचारलंस कुठे कुणाला?"

इतका वेळ इकडचं तिकडचं लिहिलं. आता ते लिहिते.

बाळंतपण माहेरी करायचं म्हणून सातव्या महिन्यातच तू ती निळी पिशवी आणून माझ्या कपाटात ठेवलीस. झबली, टोपडी, आणि आईच्या लुगड्यांची तू हाताने शिवलेली दुपटी. आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. तू हॉस्पिटलात होतीस. मी घरी येऊन चिठ्ठी लिहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी बालवाडीत देऊन आले. तीन दिवसांनी तू आलीस आणि चपला काढून थेट कपाटाकडे गेलीस.

"पिशवी कुठंय?"

"दिली. तुला दिसायला नको म्हणून."

"दुपटीसुद्धा?"

"सगळंच."

"फार नीटनेटकी आहेस, ताई," म्हणालीस आणि योगेशला रिक्षा आणायला पाठवलंस.

त्या दिवशीच्या डायरीत मी लिहिलंय, 'नंदासाठी केलं.' चार वर्षं ते वाक्य वाचते आहे. ते खरं नाही. पिशवी मला बघवत नव्हती. तू ती मांडीवर घेऊन बसशील आणि मला नुसतं शेजारी बसावं लागेल, काही म्हणजे काही करता येणार नाही, याची मला भीती वाटली. तुझ्या दुःखाची नव्हे, माझ्या रिकाम्या हातांची. हे लिहितानाही मी स्वतःला कुठे वाचवते आहे का, ते तूच वाचून बघ.

बालवाडी अजून तिथेच आहे. काल दारापर्यंत जाऊन परत आले. दुपट्यांची चौकशी करायची की नाही, हे तू ठरवायचं. नको म्हणालीस तर नको. उत्तर नाही आलं, तर तेही मी उत्तर समजेन.

आणि बाळाचं काही नाव मनात धरलं होतंस का, हे मी तुला कधीच विचारलं नाही. सांगावंसं वाटलं तर सांग. मी ऐकेन. काही सुचवणार नाही.

तुझी, अजूनही,
रतनताई

उद्या: पत्र टपालात टाकणे. दुसरं काही नाही.